पोटातल्या मोकळ्या कर्कपेशी, ‘वॉश’चा रिपोर्ट आणि आयुष्याचा अंदाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायटॉलॉजीच्या, म्हणजे सुट्या पेशी तपासण्याच्या, टेबलावर बसणाऱ्याला रोगी क्वचितच दिसतो. त्याच्यासमोर येते ती एक बाटली, तिच्यावरची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर घाईने लिहिलेला ‘पेरिटोनियल वॉश’ हा शब्द, म्हणजे पोटाची पोकळी सलाइनने धुऊन परत घेतलेले द्रव. मात्र रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक खिडकीशी रेंगाळतात, आणि गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याकडे परतलेले लोक मोबाईलवर रिपोर्टचा फोटो पाठवून पुन्हा तेच विचारतात. नागपुरात असे जमत गेलेले प्रश्न येथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. बहुतेक प्रश्न जठराच्या कर्करोगाविषयी असल्याने उत्तरांचा भरही त्यावरच आहे. इतर अवयवांसाठी प्रश्न ८ पाहावा.

१. गाठ तर जठरात आहे. मग पोटात ‘मोकळ्या पेशी’ कुठून आल्या?

पोटाच्या पोकळीला आतून आणि जठर, आतडी, यकृत यांना बाहेरून एक पातळ, ओलसर पडदा लपेटलेला असतो. त्याला उदरपटल किंवा पेरिटोनियम म्हणतात. या पडद्याच्या थरांमध्ये निरोगी माणसातही थोडे द्रव असतेच, त्यामुळे आतडी एकमेकांवर सहज सरकतात. जठराचा कर्करोग आतल्या अस्तरात सुरू होतो, तेथून स्नायूंच्या थरात शिरतो, आणि भिंतीच्या अगदी बाहेरच्या थरापर्यंत पोहोचला की त्याच्या पेशी सुटून या द्रवात पडू लागतात. हे द्रव एका जागी थांबत नाही. श्वासाबरोबर श्वासपटल वरखाली होते, तसे ते ओटीपोटातून उजव्या कडेने वर यकृताच्या मागेपुढे चढते आणि पुन्हा खाली उतरते. म्हणून जठरातून सुटलेली पेशी ओटीपोटाच्या तळाशी सापडली, तर त्यात नवल नाही.

सुटलेली प्रत्येक पेशी रुजतेच असे नाही, बहुतेक मरतात. स्टीफन पेजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८८९ मध्ये कर्करोगाच्या प्रसाराला बियाणे आणि माती यांची उपमा दिली होती, आणि पेरलेले सगळेच उगवत नाही हे विदर्भात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पोटात ही माती बऱ्याचदा ओमेंटम, म्हणजे आतड्यांवर पसरलेली चरबीची झालर, पुरवते. तिच्यावर रोगप्रतिकारक पेशींचे पांढुरके ठिपके असतात आणि कर्कपेशी तेथे लवकर चिकटतात.

२. सीटी स्कॅन स्वच्छ आहे, पेट स्कॅनही झाला. आता दुर्बीण टाकून पोट धुवायची काय गरज?

स्कॅनला गाठ दिसते, पेशी दिसत नाही. उदरपटलावरचे पाच मिलिमीटरपेक्षा लहान दाणे सीटीत वारंवार निसटतात, आणि द्रवात तरंगणाऱ्या सुट्या पेशी कोणत्याही स्कॅनच्या आवाक्याबाहेर असतात. जठराची गाठ भिंतीत खोल गेल्याचा किंवा आसपासच्या लसिका ग्रंथी वाढल्याचा संशय असेल, तर मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी दुर्बिणीने पोट पाहून वॉश घेण्याची शिफारस त्यासाठीच केली जाते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्राने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी तपासणी झालेल्या १२४१ रुग्णांपैकी २९१ जणांच्या वॉशमध्ये कर्करोगाच्या पेशी आढळल्या होत्या. तपासणीला येणारा एक दिवस आणि भूल यांचे ओझे खरे आहे. पण जठर काढून टाकल्यानंतर दोन महिन्यांत पोटात पाणी भरण्यापेक्षा ते ओझे हलकेच म्हणावे लागते.

३. वॉश घेतात म्हणजे नक्की काय करतात? धुतल्यामुळे रोग पसरत नाही ना?

पूर्ण भूल देऊन बेंबीजवळ छोटे छिद्र घेतात, पोटात वायू भरतात आणि दुर्बिणीने सगळे कोपरे पाहतात. गाठीला हात लावण्यापूर्वी साधारण शंभर ते दोनशे मिलिलिटर निर्जंतुक सलाइन आत सोडतात, रोग्याला थोडे इकडेतिकडे कलते करतात आणि ते द्रव ओटीपोटाच्या सर्वात खोल खळग्यातून व श्वासपटलाखालून परत ओढून घेतात. क्रम महत्त्वाचा असतो, कारण गाठ हाताळल्यानंतर घेतलेल्या द्रवात पेशी आढळल्या तर त्या आधीपासून होत्या की त्या हाताळणीत सुटल्या, हे सांगता येत नाही.

सलाइन नव्या कर्कपेशी निर्माण करत नाही. असलेल्या गोळा करते. साधे पाणी वापरत नाहीत, कारण पाण्यात पेशी फुगून फुटतात आणि आमच्या हाती फक्त अवशेष येतात.

४. बाटली आम्हालाच दुसऱ्या लॅबमध्ये न्यायला सांगितली आहे. कशी न्यावी?

लवकर आणि थंड, एवढे दोन शब्द लक्षात ठेवावेत. थंड म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्याइतके, सुमारे चार अंश. बर्फ होईल इतके नव्हे. झाकण घट्ट असलेली स्वच्छ बाटली आइस पॅकसह डब्यात ठेवावी, लॅबने स्वतः सांगितल्याशिवाय तीत फॉर्मलिन घालू नये, आणि बाटलीवर (झाकणावर नव्हे) रोग्याचे नाव, वय, द्रव कोठून घेतले ते आणि वेळ लिहून घ्यावी. सोबत निदानाचा जुना कागद असेल तर आमचे अर्धे काम सोपे होते.

हे इतके बजावून सांगण्यामागे एक बाटली आहे. मे महिन्याच्या एका दुपारी, नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, एका मुलाने आपल्या वडिलांचा वॉश ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून एसटीने आणला. जेथे दुर्बिणीची तपासणी झाली, तेथून त्याला ‘नागपूरला देऊन या’ एवढेच सांगितले गेले होते. दुपट्टा त्याने स्वतःच्या डोक्यावरचा काढला होता आणि वाटेत दोन स्थानकांवर नळाखाली धरला होता. स्लाइडवर पेशींच्या कडा विरघळलेल्या होत्या, केंद्रके धुरकट झाली होती, आणि ‘नमुना तपासणीस अपुरा’ असे लिहून देण्यावाचून पर्याय उरला नाही. मुलाचा त्यात काही दोष नव्हता.

५. सूक्ष्मदर्शकाखाली ती पेशी कर्करोगाचीच आहे हे कसे ओळखता?

द्रव सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवले की पेशी तळाशी बसतात. त्या गाळाच्या काही स्लाइड पॅपानिकोलाऊ आणि गिम्सा या रंगांनी रंगवतात, तर उरलेल्या गाळाचा मेणात घट्ट ठोकळा करतात. त्याला सेल ब्लॉक म्हणतात.

उदरपटलाच्या स्वतःच्या पेशी, म्हणजे मेसोथेलियल पेशी, गोल असतात, त्यांचे केंद्रक मध्याशी असते आणि शेजारशेजारच्या दोन पेशींमध्ये उजेडाची बारीक फट राहते. आम्ही तिला खिडकी म्हणतो. कर्करोगाच्या पेशी बहुधा एकमेकींवर चढलेल्या घट्ट पुंजक्यांत येतात, त्यांची केंद्रके मोठी, ओबडधोबड आणि गडद असतात. इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. अडचण दोन ठिकाणी येते. जंतुसंसर्ग किंवा आधीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर चिडलेल्या मेसोथेलियल पेशी इतक्या मोठ्या होतात की त्या कर्कपेशींची सोंगे घेतात. उलट जठराच्या एका प्रकारच्या कर्करोगात पेशी एकेकट्या सुटतात, त्यांच्या पोटात श्लेष्म भरून केंद्रक कडेला ढकललेले असते, आणि खड्याच्या अंगठीसारख्या दिसणाऱ्या या सिग्नेट रिंग पेशी साध्या मॅक्रोफेज, म्हणजे केरकचरा गिळणाऱ्या, पेशींमध्ये हुबेहूब लपून बसतात.

अशा वेळी सेल ब्लॉकवर इम्युनो चाचण्या, म्हणजे ठरावीक जातीच्या पेशींनाच रंगवणाऱ्या चाचण्या, करतात. कॅलरेटिनिन मेसोथेलियल पेशींना रंगवते, बेर-ईपी४ आणि एमओसी-३१ बहुधा ग्रंथिजन्य कर्कपेशींना रंगवतात. रिपोर्टला दोन दिवस जास्त लागतील असे सांगितले जाते ते बहुतेकदा यासाठी.

६. रिपोर्टमध्ये ‘ॲटिपिकल’ लिहिले आहे. हो की नाही, तेवढे सांगा.

या शब्दाने लोक सर्वाधिक वैतागतात, आणि ते रास्त आहे. द्रवांच्या सायटॉलॉजीसाठी २०२० पासून प्रचलित झालेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पाच खाने आहेत : अपुरा नमुना, कर्करोग नाही, ॲटिपिकल म्हणजे अर्थ निश्चित न होणारा, कर्करोगाचा संशय, आणि कर्करोग. मधले दोन खाने तपासनिसाच्या भित्रेपणातून आलेले नाहीत. दोन चुकांपैकी कोणतीही रोग्याच्या माथी मारायची नाही, या हिशोबातून आले आहेत. खोटा पॉझिटिव्ह रिपोर्ट बऱ्या होऊ शकणाऱ्या रोग्याची शस्त्रक्रिया हिरावून घेतो. त्यामुळे ‘ॲटिपिकल’ आले, तर प्रश्न ५ मधील इम्युनो चाचण्या झाल्या का, हे आधी विचारावे. झाल्या असतील, तर पुन्हा नमुना घ्यायचा की पुढे जायचे, हे शल्यचिकित्सक, किमोचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून ठरवायचे असते.

७. वॉश निगेटिव्ह आला. म्हणजे पोटात काही नाही ना?

तसे म्हणता येत नाही. बादलीभर पाण्यातून एक ग्लास काढून पाहावा, तशी ही तपासणी आहे. ग्लासात मासा आला तर बादलीत मासा आहे हे नक्की, न आला तर नाही हे नक्की होत नाही. वॉश निगेटिव्ह असलेल्या काही रुग्णांना पुढे उदरपटलावरच रोग उलटतो. निगेटिव्ह रिपोर्टने शस्त्रक्रियेचा मार्ग खुला होतो, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा आणि शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्या चुकवू नयेत.

८. पॉझिटिव्ह म्हणजे चौथी स्टेजच का? माझ्या बहिणीला अंडाशयाचा कर्करोग आहे, तिच्या डॉक्टरांनी पहिली स्टेज सांगितली.

दोघेही बरोबर असू शकतात, कारण त्याच पेशीचे वजन अवयवागणिक बदलते.

जठराच्या कर्करोगात, आणि स्वादुपिंडाच्याही, वॉशमध्ये कर्कपेशी मिळाल्या की टीएनएम या स्टेज ठरवण्याच्या पद्धतीत रोग ‘एम १’, म्हणजे दूर पसरलेला, धरला जातो. डोळ्यांना एकही दाणा दिसला नसला तरी. जपानी वर्गीकरणात यालाच ‘सीवाय १’ लिहितात, आणि नागपुरातल्या अनेक रिपोर्टांतही हीच खूण दिसते. अंडाशयाच्या कर्करोगात मात्र फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१४ च्या पद्धतीनुसार रोग अंडाशयापुरताच असून द्रवात पेशी मिळाल्या, तर ती स्टेज १-सी-३ ठरते. अंडाशय पोटाच्या पोकळीत उघडेच लटकलेले असते, त्यामुळे तेथून पेशी सुटण्यासाठी रोगाला जठराइतका प्रवास करावा लागत नाही. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात तर २००९ पासून वॉशच्या निकालाने स्टेज बदलत नाही; तो फक्त वेगळा नोंदवतात. म्हणून शेजारच्या खाटेवरच्या रोग्याचा रिपोर्ट आपल्या रिपोर्टशी लावून पाहू नये.

९. बाबांचा वॉश पॉझिटिव्ह आला आहे. त्यांच्याकडे किती दिवस आहेत?

हा प्रश्न खिडकीपाशी सर्वात हळू आवाजात विचारला जातो. उत्तर देण्याआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे : वैद्यकाला माणसाचा दिवस ठाऊक नसतो, त्याला गटाचा कल ठाऊक असतो.

डॉक्टर ‘साधारण वर्ष-सव्वा वर्ष’ म्हणतात, तेव्हा ते बहुधा मध्यक, म्हणजे सगळ्यांना क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, सांगत असतात. समजा, पाच रुग्ण आहेत. चौघे अनुक्रमे ७, १०, १४ आणि ३१ महिने जगले, आणि पाचवा ६० महिने होऊनही आपल्या गावी हिंडतो आहे. या पाचांचा मध्यक १४ महिने. तो आकडा खोटा नाही, पण १४ महिने जगलेला रुग्ण पाचांत एकच आहे. पाचव्याचा हिशोब अजून मिटलेला नसताना तो गणितात कसा धरायचा, हे कॅप्लन आणि मायर या दोन संशोधकांनी १९५८ मध्ये मांडले; वैद्यकीय लेखांत जिन्यासारखी उतरणारी जी रेघ दिसते, ती त्यांचीच. रेघेचा उजवीकडचा लांब पायरीचा भाग लोक पाहतच नाहीत, आणि खरे तर आधी तोच पाहायला हवा.

आता जठराचे आकडे. केवळ वॉश पॉझिटिव्ह, बाकी प्रसार नाही, अशा रुग्णांचे मध्यक आयुर्मान अनेक अभ्यासांत वर्ष ते सव्वा वर्षाच्या आसपास आढळले आहे. पण जपानमधील सीसीओजी ०३०१ या अभ्यासात अशाच रुग्णांचे जठर काढून नंतर एस-१ या गोळ्यांची किमो दिली, तेव्हा पाच वर्षांनी २६ टक्के रुग्ण जिवंत होते. निवडक रुग्णांवरचा, लहान अभ्यास आहे तो, आणि जपानी रुग्णांची तब्येत व तपासण्यांची सवय आपल्याकडच्यापेक्षा वेगळी असते. तरीही चारातला एक, हा आकडा ‘चौथी स्टेज म्हणजे संपले’ या वाक्याशी जुळत नाही.

अंदाज कोणत्या बाजूला झुकेल, हे पुढील गोष्टींवर ठरते : फक्त पेशी आहेत की पडद्यावर दाणेही दिसले, दाणे असतील तर किती (पोटाचे १३ भाग पाडून प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात, एकूण जास्तीत जास्त ३९), किमोला रोग किती दबला (प्रश्न १० पाहा), आणि रोगी स्वतःच्या पायांनी फिरतो का, जेवतो का, वजन किती उतरले. शेवटच्या गोष्टीकडे घरात दुर्लक्ष होते. महिनाभर वरणाच्या पाण्यावर ठेवलेला माणूस किमो सोसू शकत नाही, मग त्याचा कर्करोग कितीही औषधाला बधणारा असो.

१०. किमोनंतर पॉझिटिव्ह वॉश निगेटिव्ह होऊ शकतो का? झाला तर ऑपरेशन करता येते?

होऊ शकतो. प्रश्न २ मधील न्यूयॉर्कच्या अभ्यासात फक्त वॉश पॉझिटिव्ह असलेल्या ४८ जणांची किमोनंतर पुन्हा दुर्बिणीने तपासणी झाली. त्यांपैकी २७ जणांचा वॉश निगेटिव्ह झाला होता. अशांचे आयुर्मान सुमारे अडीच वर्षे, तर ज्यांचा पॉझिटिव्हच राहिला त्यांचे सुमारे १.४ वर्षे होते. म्हणूनच आज पॉझिटिव्ह रिपोर्ट आल्यावर लगेच पोट उघडण्याऐवजी आधी किमो, नंतर पुन्हा तपासणी, आणि वॉश स्वच्छ झाला असेल तर शस्त्रक्रियेचा विचार, असा मार्ग पुष्कळ ठिकाणी धरतात. अडीच वर्षांचा आकडा सुखावणारा असला तरी त्यात एक मेख आहे : ज्यांचा रोग मुळातच मवाळ होता, त्यांचाच वॉश स्वच्छ झाला असेल, तर सगळे श्रेय उपचाराला देता येणार नाही.

११. ‘गरम किमो’ने किंवा भरपूर पाण्याने पोट धुऊन या पेशी काढून टाकता येत नाहीत का?

दोन्ही कल्पना सरळ मनाला पटणाऱ्या आहेत आणि दोन्हींची कसून परीक्षा झाली आहे. आशियातील २२ केंद्रांतील ८०० जठर-रुग्णांवर झालेल्या एक्सपेल चाचणीत निम्म्यांचे पोट शस्त्रक्रियेच्या अखेरीस दहा लिटर सलाइनने धुतले. २०२१ मध्ये निकाल आला : तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ७७.० विरुद्ध ७६.७ टक्के. म्हणजे फरक नाही.

गरम किमो, म्हणजे हायपेक, यात औषध तापवून शस्त्रक्रियेच्या वेळीच पोटात फिरवतात. अंडाशयाच्या तिसऱ्या स्टेजच्या २४५ स्त्रियांवरील डच अभ्यासात (२०१८) तिने मध्यक आयुर्मान ३३.९ वरून ४५.७ महिन्यांवर गेले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील फ्रान्समधील प्रॉडिज ७ चाचणीत मात्र ४१.२ आणि ४१.७ महिने, म्हणजे जवळपास सारखेच. जठराबाबतही जर्मनीतील गॅस्ट्रिपेक चाचणीत एकूण आयुर्मान वाढले नाही. पोटात बसवलेल्या नळीतून वारंवार पॅक्लिटॅक्सेल हे किमोचे औषध देण्याच्या जपानी फिनिक्स चाचणीत (२०१८) १७.७ विरुद्ध १५.२ महिने असा फरक आला, परंतु तो संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. तेव्हा ‘गरम किमो केली की पेशी जळून जातात’ असे कोणी ठामपणे सांगत असेल, तर कोणत्या अवयवासाठी आणि कोणत्या पुराव्यावर, एवढे विचारून मगच घर गहाण ठेवावे.

१२. आईच्या पोटात पाणी झाले, सीए-१२५ खूप वाढला, सीटीत पडद्यावर दाणे आहेत, पण पाण्यात कर्कपेशी नाहीत. लॅबची चूक का?

चूक असू शकते, पण आपल्या भागात आधी क्षयरोगाचा विचार करावा लागतो. पोटाच्या क्षयरोगात पाणी होते, पडद्यावर दाणे येतात, सीए-१२५ हे रक्तातले प्रथिनही वाढते, वजन उतरते. चित्र अंडाशयाच्या कर्करोगाचेच असते. पाण्यातील एडीए नावाच्या विकराची पातळी वाढलेली असेल तर संशय बळावतो, आणि दुर्बिणीने घेतलेल्या दाण्याच्या तुकड्याने निकाल लागतो. हा फरक न ओळखल्यास क्षयरोगाच्या गोळ्यांनी बरी होणारी बाई किमोच्या यादीत जाते.

आणखी एक अपवाद. यकृतात गाठी पसरल्याने किंवा सिरॉसिसने पाणी होते, तेव्हा रोग उदरपटलावर नसतोच. त्या पाण्यात कर्कपेशी बहुधा मिळत नाहीत. उलट पडद्यावर खरोखरच कर्करोग असेल, तर पुरेसे, ताजे आणि गरजेनुसार दोनतीनदा तपासलेले पाणी बहुतेक वेळा पॉझिटिव्ह येते. पाण्याची तपासणी आणि प्रश्न ३ मधील वॉश या वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे.

१३. एखादी जनुकीय तपासणी यापेक्षा नेमके सांगू शकत नाही का?

वॉशमध्ये सीईए या प्रथिनाचा आरएनए पीसीआरने शोधण्याची पद्धत जपानमध्ये बरीच अभ्यासली गेली आहे. डोळ्याला न सापडलेल्या पेशींचा माग ती लावते आणि निगेटिव्ह वॉशच्या काही रुग्णांत रोग उलटण्याचा धोका आधी दाखवते. पण ती कधीकधी कर्करोग नसतानाही होकार देते, त्यामुळे केवळ तिच्या भरवशावर कोणाची शस्त्रक्रिया रद्द करणे योग्य नाही. नेहमीच्या उपचारांत तिला अजून जागा मिळालेली नाही.

१४. दुसरे मत घ्यायचे आहे. पुन्हा पोट तपासावे लागेल का?

नाही. लॅबकडून स्लाइड आणि सेल ब्लॉक, दोन्ही लेखी अर्ज देऊन मागावेत. नागपुरातल्या मेडिकल, मेयो, तुकडोजी, एम्स किंवा जामठा यांपैकी कोणत्याही रुग्णालयात दाखवायचे असले तरी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला रिपोर्टचा फोटो उपयोगाचा नसतो, काच लागते. स्लाइड रुमालात बांधून आणू नयेत, त्यांची प्लॅस्टिकची डबी मिळते. ब्लॉक उन्हात ठेवलेल्या गाडीत सोडू नये, मेण वितळते. आणि परत करायची तारीख पावतीवर लिहून घ्यावी, कारण तोच ठोकळा पुढे औषध निवडण्यासाठी लागणाऱ्या एचईआर-२ सारख्या चाचणीसाठी पुन्हा लागू शकतो.